येई ऱ्हायना

“फुई, नाना गया.” माझा भाचा विलास फोनवर एवढंच बोलला. माझा थोरला भाऊ गेला होता, विलासचे वडील गेले होते, आणि त्याचा आवाज कोरडाठाक! तेव्हा मला विलासचा संताप आला होता. आता येत नाही. महिना उलटला, संताप शिल्लक आहे, पण तो वेगळ्या माणसांवर आहे. तो गिळून नानांवर गोडगोड लिहिणं मला जमणार नाही.

नाना खानदेशात नरडाण्याजवळच्या आमच्या गावी पोस्टमन होते. टपाल द्यायचं आणि त्यातलं कागदी मराठी अहिराणीत उलगडून सांगायचं, ही दोन्ही कामं त्यांचीच. म्हणूनच पोलादाच्या कारखान्यासाठी जमिनी बघायला कुठल्याशा कंपनीचे साहेब आले, तेव्हा सभेत दुसरा माईक आपोआप नानांच्या हातात गेला. साहेब म्हणाले, “आपल्या देशात माणशी पोलाद अजून फार कमी वापरलं जातं. पूल, रस्ते, घरं... मागणी वाढतच जाणार. वाढीला भरपूर वाव आहे. तुमच्या भागात प्रकल्प येऊ घातला आहे.” नानांनी ते दोन वाक्यांत सांगितलं, कारखाना आणि सगळ्यांना काम. “कारखाना येई ऱ्हायना, भो! बठ्ठासले काम भेटी!”

इथंच घात झाला. ‘येऊ घातला आहे’ हे सभेतलं मराठी, त्यात पळवाटा पुष्कळ. आमच्याकडे ‘येई ऱ्हायना’ म्हणजे येतोच आहे, वाटेत आहे. फाट्यावर कुणी “यष्टी येई ऱ्हायनी” म्हटलं की माणूस पिशवी उचलून उभा राहतो. गावही तसंच उभं राहिलं. सुरतेला गेलेली पोरं परत आली, त्यात विलासही होता. चांगली लागलेली नोकरी सोडून तो धुळ्याला वेल्डिंग शिकला आणि वाट बघत बसला. बसला तो बसलाच.

मी जळगावला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, म्हणून हेही सांगते की साहेबांचं गणित चुकलं नव्हतं. मागणी वाढली की! हायवेवरून सळयांनी भरलेले ट्रक रोज जातात. आमच्या गावात ज्याच्या त्याच्या स्लॅबवर पुढच्या मजल्यासाठी सळया उभ्या आहेत. पोलाद आलं, फक्त कारखाना आला नाही. तो कुठं गेला, का गेला, हे सांगायला एकही साहेब फिरकला नाही. अंदाज चुकला तर अंदाज करणाऱ्याचं काय जातं? तो चहा पितो, गाडीत बसतो, निघून जातो. गावात राहतो तो ज्यानं शब्द दिला तो. लोकांनी पोस्टमनलाच धरलं.

नानांचं नावच पडलं, ‘येई ऱ्हायना’. पारावर ते दिसले की कुणीतरी हमखास विचारायचं, “नाना, कुठलोंग उना कारखाना?” कुठवर पोचला म्हणे! आधी नाना हसायचे. मग पारावर जाणंच सोडलं. एकदा घरात विलास म्हणाला, “नाना, तुम्ही सांगं म्हनीसन मी उनू.” तुमच्या शब्दावर परत आलो, एवढंच. भांडण नाही, आरडाओरडा नाही. पण त्यानंतर बापलेकांत कामापुरतंच बोलणं उरलं. शेवटचे माझ्याकडे आले तेव्हा मी भरीत केलं होतं, त्यांच्या आवडीचं. अर्धी भाकरी तशीच ठेवून म्हणाले, “माय, मी खोटं बोलनू का वं?” मी म्हटलं, “नाही नाना, तुम्ही फक्त त्यांचं बोलणं आपल्या भाषेत सांगितलं.” ते ताट सरकवून म्हणाले, “तेच ते.”

आणि दशक्रियेला काय व्हावं? त्या साहेबांना गावात घेऊन आलेल्या पुढाऱ्यानं माईक ओढला आणि श्रद्धांजली ठोकली, “नानांचं पोलाद कारखान्याचं स्वप्न आम्ही पूर्ण करू!” माझ्या अंगाची लाही लाही झाली. स्वप्न? अहो, निरोप होता तो, तुमचाच! माणूस जिवंत असताना एकदा तरी पारावर येऊन सांगायचं होतं, की शब्द आमचा होता, नानांचा नव्हे. ते नाही झालं. मेल्यावर मात्र हार घेऊन हजर.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेले, तर मारुतीच्या देवळापुढे पुन्हा सभा. साहेब नवे होते. पोलादाची मागणी वाढणार, वाढीला भरपूर वाव... शब्दसुद्धा तेच. बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, “इथं कुणीतरी समजावून सांगतं ना?” सगळ्यांच्या माना विलासकडे वळल्या. तो उठला, पुढे गेला, माईक घेतला. हा आता बापाचा उद्धार करणार, चारचौघांत करणार, असंच वाटलं मला.

विलासनं माईक साहेबांच्या हातात परत दिला. “सायेब, तुम्हीच सांगा. आमनी भाषामा सांगा. मना बाप आते नही शे.”

साहेब माईक धरून उभे राहिले. त्यांना आमची भाषा येत नव्हती.