ईशान्येचा उतार

संगणकाच्या पडद्यावर मोटारी फुटबॉल खेळतात, हे नातीने मला प्रथम दाखवले तेव्हा खेळापेक्षा मैदानेच माझ्या मनात अधिक राहिली. एक समुद्राच्या तळाशी, एक बर्फाच्या डोंगरात, एक वाळवंटात. भोवती काचेच्या भिंती, आणि मोटारी त्या भिंतींवरही चढतात.

मी विचारले, "एवढी मैदाने, म्हणजे प्रत्येकाचे माप निराळे असणार?"

"नाही, आजोबा. मागे काही वेडीवाकडी मैदानं होती, पण स्पर्धेच्या सामन्यांतून ती काढून टाकली. जमीन, भिंती, गोल सगळीकडे सारखेच. रूप तेवढं बदलतं."

नवरात्रात देवीची पूजा रोज वेगळी बांधतात, मूर्ती मात्र तीच असते. तसेच हे, असे मी मनाशी म्हटले आणि समाधान पावलो.

नातीने संगणकाचे शिक्षण परभणीला घेतले आणि ती आमच्या गंगाखेडच्या घरी परतली. अशी मैदाने रचण्याचेच काम तिला करायचे होते. तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या चिरंजीवांना, ते काम काम वाटत नव्हते. परभणीत जिल्ह्यातल्या खेळाडूंची स्पर्धा ठरली आणि अंतिम सामन्यासाठी इथल्याच कोणीतरी रचलेले नवे मैदान मागवले गेले, तेव्हा त्यांनी अट घातली. मैदान स्वीकारले गेले तर तिने खुशाल हाच मार्ग धरावा. नाही तर बँकेच्या परीक्षेला बसावे.

रचना आरंभण्यापूर्वी ती माझ्यापाशी येऊन बसली. "आजोबा, तुम्ही इतके यज्ञमंडप घातलेत. नवी भूमी घेताना आधी काय बघता?"

मी सांगितले, ते माझ्या गुरूंनी मला सांगितले होते तेच. प्रथम दिशा निश्चित करावी. मग भूमीचा उतार पाहावा. ती ईशान्येकडे किंचित उतरती असावी, पाणी तिकडे वाहावे. तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तिच्या मैदानात एका गोलामागे सूर्य उगवलेला दिसला. ती पूर्व. मला फार बरे वाटले.

मैदान पाठवण्याचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी मी ओट्यावर जप करीत होतो. आतल्या खोलीत नात आणि तिची वालूरची मैत्रीण बसल्या होत्या. ही मैत्रीण शिक्षकाची मुलगी, खेळात पटाईत आणि जिभेने त्याहून तिखट. मैदान खेळून पाहणे हे तिचे काम.

"लय देखणं हाय बाई, पण चेंडू सोडला की आपला त्याच कोपऱ्याकडं पळायलाय. पूर्वेच्या गोलाजवळच्या. पश्चिमेची बाजू घेतली की चेंडू आपणहूनच समोरच्याच्या गोलाकडं, जिंकलंच!"

"थोडासाच उतार आहे."

"थोडासा? खेळून बघायला बोलावलेली सेलूची पोरं नाणं उडवून झालं की 'पश्चिम, पश्चिम' म्हणून वरडायलीत. अन् या खेळात अर्ध्यावर बाजू बदलत न्हाईत. हे मैदान कोण घेईल? काढ की तो उतार."

"तो आजोबांनी सांगितलाय."

"मग आजोबाला सांग."

"नाही सांगवत गं. बँकेच्या परीक्षेला बसेन एकवेळ."

"बस मग. नोटा मोजताना ईशान्येला तोंड करून बस!"

दोघी हसल्या, पण नातीचे हसू लवकर संपले. माझी बोटे मेरुमणी ओलांडून पुढे गेली होती. जपात मेरू ओलांडू नये; मी माळ उलटी घेतली, पुन्हा आरंभ केला, पुन्हा तेच झाले. उठलो. अंगणात गेलो, तुळशीपाशी उभा राहिलो, पाणी आधीच घातलेले असताना पुन्हा घातले. ते ईशान्येकडेच वाहत गेले. आयुष्यभर मी भूमी अशीच पाहिली आहे. उतार नसलेली भूमी शुभ म्हणावी कशी? आणि नातीचे आयुष्य त्या उतारावरून घरंगळत असताना मी गप्प बसावे कसे?

ओट्यावर येऊन पुन्हा बसलो. बसवेना. यज्ञात यजमान एक असतो, भूमीने त्या एकाच्या कल्याणाकडे कलावे. इथे यजमान दोन, आणि दोघे एकमेकांसमोर उभे. भूमी कोणाकडे कलली तर तो दुसऱ्यावर अन्याय. हे मला पटले, पण मन निवले नाही. तसाच आत गेलो.

"तुझ्या मैदानात पाऊस पडतो का?"

नात दचकून उभी राहिली. "आत नाही पडत, आजोबा. काचेच्या बाहेर पाडता येतो."

"मग जमीन सपाट कर. उतार बाहेर घे."

तिने विचारले, "तुम्हाला चालेल?"

"मला विचारू नकोस. वेळ जातो आहे."

"आजोबा, तुमच्या पायाच पडते," मैत्रीण म्हणाली आणि खरोखर वाकली.

नातीने काचेबाहेर गोदावरीचा घाट रचला, ईशान्येकडे उतरत जाणाऱ्या पायऱ्यांचा, वर पाऊस आणि पायऱ्यांवरून धावणारे पाणी. आतली जमीन तिने समतल केली. दिवेलागणीपूर्वी मैदान रवाना झाले. मी सायंसंध्येला बसलो खरा, पण आचमन झाले की नाही हेच आठवेना.

मैदान स्वीकारले गेले. चिरंजीवांनी तो निरोप दोनदा वाचून घेतला आणि "बरं," एवढेच म्हणाले. तरीही माझी रुखरुख सरली नाही. कुठे अणुमात्र कल राहिला असेल तर?

अंतिम सामन्याला आम्ही सगळे परभणीला गेलो. सभागृहात मुलांचा गलका उसळला होता. चिरंजीवांनी खुर्ची पुढे केली, मी बसलो नाही. मोठ्या पडद्यावर घाट दिसला, पाऊस दिसला, आणि मैदानाच्या मध्यभागी चेंडू. मी त्याच्याकडे टक लावून पाहत होतो. तो जागचा हलला नाही.

पंचाने नाणे उडवले. सेलूच्या मुलाने नाणेफेक जिंकली.

"कोणती बाजू?" पंचाने विचारले.

त्याने पडद्याकडे पाहिले, खांदे उडवले. "कोणतीबी द्या."

तेव्हा मी खुर्चीवर बसलो.