जमिनीवर ठेवलेले काटे

नानांनी लोखंडी काटे माझ्या पायाशी जमिनीवर ठेवले आणि मागे सरकले. हातात दिले नाहीत. मी हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

"खाली ठेवलंय. उचल," नाना म्हणाले.

गेल्या वर्षीच्या होळीची सकाळ. आमचं गाव कळंबच्या अलीकडे, कर्जत तालुक्यात. नाना गावच्या होळीचे मानकरी. त्यांच्या मागे नरेश उभा होता. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. तो आजूबाजूच्या रिसॉर्टांतली झाडं वर चढून तोडतो. मी बुद्धवाड्याच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करतो, नट-बोल्ट बदलतो, जे येईल ते. नरेशचे झाडावर चढायचे काटे कायम माझ्याकडेच यायचे. पोटरीला पट्ट्यांनी बांधायची लोखंडी पट्टी आणि घोट्याशी आतल्या अंगाला बोटाएवढा टोकदार काटा. तो खोडात रुतला की माणूस उभा. तो हलला की माणूस खाली. एरवी नरेश काटे माझ्या हातात द्यायचा, चहा प्यायचा, गिऱ्हाइकांना शिव्या घालत बसायचा.

होळीच्या दिवशी मात्र ते काटे देवाचे होतात. आमच्याकडे होळीला सावरीचं उंच झाड तोडून आणतात. आधी कुणीतरी वर चढून फांद्या उतरवायच्या, शेंड्याला दोर बांधायचा, म्हणजे झाड हवं तिकडे पडतं. चढायचा मान नरेशच्या घराचा. काटे दुरुस्त करायचं काम माझं. त्याला मान म्हणत नाहीत.

मी वाकलो. उचलले. उजव्या काट्याचं भोक झिजून मोठं झालं होतं, बोल्ट आत खुळखुळत होता. जाड बोल्ट घातला, आवळला. बोथट टोकाला कानस मारली. ओंडक्यात हाणून पाहिलं. पक्कं बसलं होतं. नानांनी खूण केली, खाली ठेव. मी ठेवले. मग त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि माझ्यादेखत त्या काट्यांवर गोमूत्र शिंपडलं. माझ्या नव्या बोल्टवर जरा जास्तच.

नरेश शेडच्या पत्र्याकडे बघत होता. पत्र्यावर काही नव्हतं.

शिंतोडे माझ्या पायावर उडाले. दिवसभर हात चालत होते, डोकं जळत होतं. नानांचा राग आला, पण त्यांच्याकडून वेगळं काही मिळेल असं वाटलंच नव्हतं. नरेशनं नजर फिरवली ते लागलं. दुसऱ्या दिवशी तो पुरणपोळी घेऊन आला. म्हणाला, "मनावर नको घेऊ रं. म्हाताऱ्याचं डोकं जुनं हाय."

पोळी मी खाल्ली नाही.

माझे आजोबा गावच्या होळीपुढं डफ वाजवायचे. धम्म घेतला आणि डफ सोडला. गावानं वाट अडवली, मजुरी बंद केली. सोडला तो सोडला. लहानपणी मला वाटायचं, एवढ्याशा डफासाठी एवढं? आता कळलं. डफ घरातून गेला होता आणि त्याच्या जागी पाना आला होता.

यंदाच्या होळीला पुन्हा नाना. मागे नरेश. काटे जमिनीवर. एक काटा सैल झालाय हे उभ्या उभ्या दिसत होतं. होळीच्या सकाळी हायवेवरची गॅरेजं बंद, म्हणून माझं दार.

मी वाकलो नाही.

"नरेश, हातात दे."

नरेशनं नानांकडे पाहिलं.

"सणासुदीचं नाटक नको," नाना म्हणाले. "दरसाल होतंय तसं होऊ दे."

"मग बाटली शिंपडा. बघू बोल्ट आवळतोय का."

नानांनी नरेशला खूण केली. नरेशनं काटे उचलले, हलणारा काटा तारेनं करकचून बांधला आणि दोघं निघून गेले.

तार कितीशी टिकणार? नरेशची पोरगी अंगणवाडीत जाते. माझा राग खरा होता, पण नरेश पडावा असं माझ्या मनात नव्हतं. शेड उघडी टाकून मी धावलो.

सावरीखाली गाव जमलं होतं. नरेश पोटरीला पट्टे बांधत होता.

"चढू नको. तार सुटंल."

"तू कुठं पुढं येतोस? तिथंच थांब," कुणीतरी म्हणालं.

मी थांबलो नाही. सरळ खोडापाशी गेलो, नरेशच्या पायातला काटा धरला आणि हलवला. सगळ्यांसमोर हलला. नरेशनं खाली बघत पट्टे सोडले. शेवटी बांधावरची एक बारकी सावर खालूनच तोडून भागवलं. होळी बुटकी झाली. गाव म्हणालं, माझ्यामुळं.

चार दिवसांनी तिन्हीसांजेला नरेश आला. एकटाच. दोन्ही हातांत काटे.

"घे. हातात देतोय. रिसॉर्टचं काम अडलंय."

त्याचे हात पुढे होते. मला ते घ्यावेसे वाटले. फार वाटले.

"इथं कोन बघतंय?" मी म्हणालो. "गावासमोर द्यायला लाजलास. गावासमोरच हातात दे. नाना असताना."

"मला गावात ऱ्हायचंय रं."

"मलाबी."

तो गेला. कुंभिवलीला हायवेवर त्यानं काटे दुरुस्त करून घेतले म्हणे. बरं झालं. झाडावर तो सुखरूप असावा, एवढं मला वाटतं. पण तो चहाला येत नाही आणि मीही बोलवत नाही.

पुढची होळी येईल. गॅरेजं बंद असतील. नाना येतील, नाहीतर त्यांचा मुलगा येईल. पाना, कानस, बोल्ट, सगळं जागेवर आहे. काम मला येतं आणि करायचंही आहे. पण जमिनीवरचं उचलणार नाही. माझा हात पुढे असेल. त्यात ठेवायचं, नाहीतर परत न्यायचं.