पडलेल्या सरपंचाचं सोंग

टीव्हीवर एक नकलाकार येतो. मंत्र्यांच्या नकला करतो. त्यांचं सरकार होतं तोवर आमच्या घरातली सगळी ताटं त्याच्यासमोर मांडलेली असायची. मध्यंतरी सरकार बदललं. त्या मंत्र्यांना आता त्यांच्या गल्लीतलं कुत्रंही विचारत नसेल, पण हा बुवा अजून तशीच मान वाकडी करतो, तसाच घोगरा आवाज काढतो. परवा पुतण्याची बायको म्हणाली, "काका, हा पूर्वी किती हसवायचा. आता काय झालं हो याला?"

मी म्हटलं, "त्याला काही झालेलं नाही. ज्याची नक्कल करतो त्याला झालंय." तिला वाटलं, म्हातारा कोड्यात बोलतोय. मला कोड्यात बोलायची सवय नाही, पण सरळ सांगायची लाज वाटली. हाच उद्योग मी स्वतः करून बसलेलो आहे, तोही टीव्ही नावाची वस्तू डोळ्यांनी पाहण्याआधी.

बहात्तरचा दुष्काळ अजून यायचा होता. मी चोवीस-पंचवीस वर्षांचा, कर्जतच्या पुढं एका गावात प्राथमिक शिक्षक म्हणून लागलो होतो. शाळा दोन खोल्यांची आणि तिच्या पाठीमागं माझी खोली. आम्ही ख्रिस्ती, घर नगरला. त्या गावात आमच्यातलं दुसरं घर नव्हतं. लोक वाईट होते असं कोणी म्हटलं तर मी भांडेन. रस्त्यात भेटले की "नमस्कार गुरुजी" म्हणत. समोरच्या मावशी रोज दोन भाकरी आणि वर कोरड्यास न चुकता देत, पण खिडकीत ठेवून जात, आत येत नसत. पाचला शाळा सुटली की दुसऱ्या दिवशी घंटा होईपर्यंत माझ्याशी बोलायला कोणी नसे. मी स्टोव्हशी बोलायचो. "पेट की रे बाबा, का अंत बघतोस?" असं. चांगला मोठ्यानं. आई दर आठवड्याला पत्रातून विचारायची, सोबतीला कोण आहे, आणि मी लिहायचो, पुष्कळ आहेत. मला गाव डोक्यावर घ्यायला नको होतं. एका माणसानं यावं, खाटेवर टेकावं आणि माझ्याशी माझं काहीतरी बोलावं, एवढीच हाव होती. ती काही केल्या पुरी होईना.

तिथं रंगपंचमीला दुपारी चावडीपुढं सोंगं निघत. पाटील, तलाठी, सरपंच, ज्याच्या हातात काहीतरी आहे अशा माणसाचं सोंग. रीत अशी की, ज्याचं सोंग त्यानं पुढं घोंगडीवर येऊन बसायचं, निमूट सगळं ऐकून घ्यायचं आणि शेवटी उठून सोंगाला गुलाल लावून नारळ द्यायचा. मग दोघांनी तिथंच बसून तो नारळ खायचा. नारळ दिला नाही तर गडी चिडला असं ठरे, आणि गाव त्याला वर्षभर पिडून काढी.

सोंगाची मंडळी माझ्याकडं आली ती मी शिकलेला म्हणून. सरपंचाचं सोंग काढायचंय, चार वाक्यं लिहून द्या. सरपंचांना सगळं गाव तात्या म्हणे. साठीचे, कित्येक वर्षं त्याच खुर्चीत. त्यांना काहीही सांगा, आधी एक डोळा झाकणार, धोतराच्या सोग्यानं हनुवटी पुसणार आणि म्हणणार, "बघू की. घाई काय हाय?" विहीर ढासळली? बघू की. सून अडली, बैलगाडी पाहिजे? बघू की. मी लिहून काढलं आणि कसं म्हणायचं ते दाखवायला वाचून दाखवलं. गावाला आग लागलीय आणि एक माणूस बोंबलत आलाय.

"तात्या, आग लागली!"

"बघू की. अर्ज केला का? आन् आगीला बी म्हनावं, जरा दम खा."

 मंडळींतल्या एकानं जमिनीवर थाप मारली आणि पोट धरून आडवाच झाला. "गुरुजी, तुमीच व्हा सरपंच," म्हणाला. आवाज माझ्या गळ्यात कुठून आला मला माहीत नाही. आला तो मुक्कामालाच.

त्या रंगपंचमीला चावडीपुढं मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्यात जास्त हसले ते तात्या. डोळे पुसत उठले, मला गुलाल फासला, नारळ फोडला आणि माझ्या हातातलं खोबरं मोडून स्वतःच्या तोंडात टाकलं. गावानं ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मला ओट्याओट्यावरून हाका यायला लागल्या. "या गुरुजी, बसा. च्या घ्या. करा की आमचं तात्या." मी करायचो. कोणाच्या बारशाला, कोणाच्या सुपारीला, न्हाव्याच्या दुकानात, एसटीच्या फाट्यावर. पुढं कित्येक महिने माझा चहा सुटला नाही. इतक्या घरांत गेलो पण कोणी मला माझं काही विचारलं नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. खुशीत होतो मी.

एक माणूस मात्र खोलीवर आला. ते तात्याच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काठी टेकत आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "आग झकास झाली. पन म्या डावा डोळा झाकतो, गुरुजी. तुमी उजवा झाकला." मग ते दोन-चार दिवसांआड यायला लागले. मला वाटे, स्वतःची नक्कल बघायला येतात. ते काहीही बोलले की मी त्यांच्याच आवाजात उत्तर द्यायचो आणि ते खोकला येईपर्यंत हसायचे. एकदा त्यांनी विचारलं, "करमतं का हितं?" मी डोळा झाकला. "बघू की. घाई काय हाय?" ते हसले. जरा वेळ माझ्याकडं बघत बसले आणि मग काठी उचलून गेले. मला वाटलं, काय फक्कड जमलं.

पावसाळा सरता सरता ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि तात्या पडले. नवा सरपंच तिशीचा, फटफटीवरून फिरणारा. आदल्या रंगपंचमीला तात्यांच्या सोंगाला सगळ्यात पुढं बसून शिट्ट्या मारणारा. तात्यांनी चावडीकडं येणं सोडलं. माझ्याकडंही येईनात. मी गेलो का त्यांच्याकडं? नाही गेलो. वाड्या-वस्त्या पालथ्या घालत होतो मी, आणि त्यांचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर नव्हतं, एवढं कारण मला पुरलं.

हसू आटत गेलं, तेही हळूहळू. ओट्यावर मी डोळा झाकला की लोक दुसरा विषय काढायचे. न्हाव्याच्या दुकानात तर मी आख्खी आग केली आणि त्याचा वस्तरा थांबला नाही. पूर्वी तो वस्तरा खाली ठेवून हसायचा. मी चिडलो. म्हटलं, "काय झालंय तुम्हाला सगळ्यांना?"

"गुरुजी, ज्याच्यापाशी काम अडतं त्याला हसाया बरं वाटतं," तो म्हणाला. "तात्यापाशी आता कुनाचं काय अडतंय? निस्तं म्हातारं मानूस ऱ्हायलं ते."

"मग नव्या सरपंचाचं करू?"

त्यानं आधी दाराकडं पाहिलं. "करा की. तुमी करा, आमी ऐकतो."

केलं. नव्याची लकब सोपी होती. समोरच्याच्या खांद्यावर हात टाकायचा आणि तो काय म्हणतोय ते पुरतं ऐकायच्या आत म्हणायचं, "झालं समजा." एका ओट्यावर दोन मिनिटं करून दाखवलं. लोक ओठ आवळून हसले. तिसऱ्या दिवशी फटफटी शाळेच्या दारात. खांद्यावर हात पडला. "गुरुजी, माझी नक्कल लई ब्येस करता म्हनं. नगरला गेल्तो, साहेबांपुढं तुमचं नाव निघालं. राजूरच्या अंगाला, डोंगरात, मास्तराची एक जागा रिकामी हाय. तुमचं काम झालं समजा." हसत हसत म्हणाला. मीही हसलो. त्या दिवसापासून त्याची लकब मी गिळून टाकली.

पुढची रंगपंचमी आली तेव्हा मी परत स्टोव्हशी बोलायला लागलेलो होतो. पण एकदा माणसांची चटक लागली की स्टोव्ह पुरत नाही. मंडळींनी विचारलं, यंदा काय? मी म्हटलं, तात्या. त्यांच्यातला एक म्हणाला, "पडलेल्या मानसाचं सोंग काढत न्हाईत, गुरुजी." त्याला मी ऐकवलं की कला ती कला, तिला खुर्चीशी काय करायचंय, आणि तात्या आपलेच आहेत, ते थोडेच रागावणार. मी शहाणा ना, नगरचा. खरं कारण मला पक्कं ठाऊक होतं. नव्याचं सोंग करायची छाती नव्हती आणि लोकांनी माझ्याभोवती पुन्हा एकदा बसावं यासाठी मी कोणालाही विकलं असतं.

दुपारी चावडीपुढं नवा सरपंच खुर्ची टाकून बसला होता. घोंगडी रिकामी होती. मी धोतर नेसून, मिशा रंगवून उभा राहिलो आणि डावा डोळा झाकला. कोणी हसलं नाही. विहीर झाली, बैलगाडी झाली, सगळे आपापल्या पायांकडं बघत होते. मग नवा सरपंच खदखदून हसला, आणि त्याच्याकडं बघून बाकीचे हसले. ते हसू कसलं होतं ते मला कळत होतं. तरी मी चेकाळलो. भुकेल्याला शिळंही चालतं.

तेवढ्यात मागं देवळाच्या भिंतीशी बसलेले तात्या उठले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते गर्दीतून पुढं आले, वहाणा काढल्या आणि घोंगडीवर बसले. त्यांचं सोंग होतं, जागा त्यांची होती. मी तिथंच थांबायला हवं होतं. मी आग केली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते गुडघ्यांवर हात ठेवून बघत राहिले. झाल्यावर उठले, रिकामे हात पाहिले आणि म्हणाले, "थांबा गुरुजी. नारळ आनतो."

त्यांचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. पाच मिनिटांत नवा सरपंच फटफटीवर बसला. त्याच्या मागोमाग लोक उठले. शेवटी घोंगडीवाला आला आणि म्हणाला, "गुरुजी, जरा सरकता का?" तो घोंगडी घेऊन गेला. मी मिशांसकट चावडीच्या पायरीवर बसून होतो. जायचं धाडस होत नव्हतं.

अर्ध्या तासानं तात्या आले. गुलाल आणला होता, नारळ आणला होता. मला गुलाल लावला, पायरीवर नारळ आपटला, मोठं भकल माझ्या हातात दिलं आणि शेजारी टेकले. बघायला कोणी नव्हतं. आम्ही खोबरं चावत बसलो. मग समोर बघतच त्यांनी विचारलं, "आई हाय का तुमची, गुरुजी?"

दीड वर्षात मला हे कोणी विचारलं नव्हतं. सांगायला इतकं होतं. आईचे डोळे अधू झालेत, पत्र ती धाकट्या बहिणीकडून लिहून घेते, तिला मी खोटं कळवतो. मी तोंड उघडलं. "हाय की," मी म्हणालो. लांबवून, हेल काढून. डावा डोळा आपोआप मिटला होता.

तात्यांचं चावणं थांबलं. त्यांना वाटलं, माझं अजून सोंगच चाललंय. नाही तात्या, हे सोंग नाही, असं मला म्हणायचं होतं, पण माझा स्वतःचा आवाज मला पटकन सापडेना. त्यांनी हातातलं खोबरं पायरीवर ठेवलं, धोतर झटकलं आणि वहाणा घातल्या.

"आता पुरं करा, गुरुजी," ते म्हणाले आणि चालायला लागले.

मी मागून हाक मारली. तीसुद्धा त्यांच्याच आवाजात गेली. ते वळले नाहीत.