आमेनच्या आधी

शेवंतीबाई वडागळेसारखी प्रार्थना मुलुंडच्या ख्रिस्ती मंडळीत कुणालाच जमायची नाही. नगरकडची बाई, आवाज खणखणीत. एकदा डोळे मिटले की आजारी, बेकार, परीक्षेला बसलेले, सगळ्यांची नावं घेऊनच थांबणार. पण याच गुणातून तिला एक खोड जडली होती. एखादं काम जिवावर आलं की म्हणायची, "मी त्यासाठी प्रार्थना करतेय." आता यावर कोण काय बोलणार, सांगा!

चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात नळावर तिनं शेजारच्या सखुबाईला सगळ्या चाळीदेखत लबाड म्हटलं. रांगेतला आपला हंडा तिनंच मागे सारला, असं वाटलं म्हणून. सखुबाई मालवणची, वीस वर्षांपासूनची शेजारीण. शेवंतीच्या लेकीला, राधेला, तिनंच पायावर घेऊन न्हाऊ घातलेलं. ती बिचारी बादली उचलून घरात गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

आठ दिवसांनी राधेनंच कबूल केलं, हंडा तिनं सरकवला होता. जा, माफी माग, असं देवानं त्याच घटकेला सांगितलेलं तिला स्वच्छ कळलं होतं. आणि बाईसाहेबांनी काय केलं? प्रार्थना! चांगली महिनाभर!

मग चाळीत बातमी आली. सखुबाई खोली सोडून कायमची गावी लेकाकडे चालली होती, शनिवारीच.

गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनासभा शेवंतीकडे होती. चटईवर दहा-बारा माणसं आणि पाळकसाहेब. शेवंतीनं सुरुवात केली, "हे प्रभू, सखुबाईच्या नि माझ्या मध्ये तू वाट मोकळी कर..." तेवढ्यात फळीच्या भिंतीपलीकडे सखुबाई खोकली.

शेवंतीची प्रार्थना तिथंच अडली. अगं, वाट कसली मोकळी करायची? दोन पावलांवर दार! देव सांगून कधीच मोकळा झाला होता, आता तोच हिच्या उठण्याची वाट बघत होता. शेवंतीला स्वतःची लाज लाज वाटली. आमेनसुद्धा न म्हणता ती उठली आणि बाहेर पडली. आत सगळे डोळे मिटून आमेनची वाट बघत बसलेले. शेवटी पाळकसाहेबांनीच एक डोळा उघडला.

सखुबाई ट्रंक भरत होती.

"सखूताई, चुकले गं मी. हंडा माझ्या राधेनं सारला होता. मला महिन्यापासून ठाऊक आहे."

"म्हयनो झालो?" सखुबाईच्या हातातलं लुगडं खाली पडलं. "आणि आज सांगतंस? परवा माका जावचा हा गो!" ती रडायलाच लागली, रागानं नि दुःखानं. "नळार सगळ्यांसमोर बोललंस, आणि माफी मात्र माझ्या कानात?"

खरंच होतं ते. शेवंती तशीच गॅलरीत आली, कठडा धरला आणि ओरडली, "ऐका गं सगळ्या! सखूताई लबाड नाही. लबाडी माझ्या घरात झाली आणि महिनाभर मी ती लपवली!"

पटापट दारं उघडली. सखुबाई मागून आली आणि तिनं शेवंतीच्या खांद्यावर हात ठेवला.

शुक्रवारी शेवंतीनं कामावर रजाच टाकली. दोघींनी मिळून गाठोडी बांधली, कुठली पितळी कुठं ठेवायची यावरून भांडल्या, पोट धरून हसल्या. शनिवारी एसटीच्या खिडकीतून सखुबाई म्हणाली, "पत्र घाल गो."

गाडी पनवेलच्या पुढं गेली नसेल, तोवर शेवंतीचं पत्र पेटीत पडलं होतं.