दवण्याचं सरबत

चहा घ्या, घ्या. मी केलेला नाही, हिने केलाय, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. आमच्या घरात पेय या विषयात मला गेल्या पाडव्यापासून बंदी आहे. का, ते सांगतो, पण बाहेर कुठे बोलू नका. म्हणजे दिंडोरीत सगळ्यांना माहीत आहेच, निदान नाशकात तरी नको.

झालं काय, निवृत्तीनंतर एकदा मित्रांबरोबर एका वायनरीत फेरफटका मारायला गेलो होतो. तिथल्या माहिती देणाऱ्या बाई म्हणाल्या, वर्मुथ नावाची एक वाईन असते, तिच्यात कडवट सुगंधी वनस्पती मुरवतात आणि आपला दवणा त्याच कुळातला. परदेशात दवण्याचं तेल केकमध्ये, मिठाईत, सरबतात घालतात म्हणे. मी थक्क! आपण दवणा देवाला वाहतो, वेणीत माळतो, संपलं. एवढा खाण्याचा जिन्नस बायकांच्या डोक्यावर बसून होता आणि आपण नुसता वास घेत होतो.

बाई पुढे 'पण थेंबभरच' असंही म्हणाल्या होत्या. ते मी ऐकलं. लक्षात नाही ठेवलं.

तशात आमच्या ऋताचं लग्न निघालं. निघालं कसलं, तिने आणि तिच्या ऑफिसातल्या अमोलने आपापसात ठरवलंच होतं. अमोलचं घर दिंडोरीला, द्राक्षाची बाग. अडचण एकच, त्याचे वडील दौलतराव. शहरातली मुलगी आपल्या घरात रमेल का, यावर ते महिनाभर अडून बसले होते. शेवटी 'पाडव्याला येऊन बघतो' असा निरोप आला.

ऋताने मला बाजूला घेतलं. "बाबा, प्लीज. त्या दिवशी काही वेगळं करायला जाऊ नका."

आता तुम्हीच सांगा, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न असताना बाप पाहुण्यांपुढे नेहमीचं पन्हं ठेवेल का? द्राक्षवाल्यांना द्राक्षाचाच रस, त्यात दवणा, आणि वर दौलतरावांची वाहवा. सगळा बेत मला डोळ्यांसमोर दिसत होता.

फुलबाजारात गेलो. फुलवाल्या मावशींनी विचारलं, "कोणत्या देवाला, काका?"

"देवाला नाही, सरबताला."

गजरा ओवता ओवता मावशींचा हात थांबला. "लय कडू असतो वो तो."

"परदेशात घालतात."

"मग त्यांनाच पाजा," असं म्हणून त्यांनी दोन जुड्या दिल्या.

द्राक्षाच्या रसात एक जुडी घातली तर पातेल्यात काही दिसेचना, म्हणून दुसरीही घातली. तासभर उकळलं. असा घमघमाट सुटला की शेजारच्या काकू 'कसली पूजा आहे' म्हणून विचारून गेल्या.

तुम्ही म्हणाल, अहो, चमचाभर चाखून तरी बघायचंत! तिथेच तर घोळ झाला. मी चमचा तोंडाजवळ नेला आणि हिने माझा हात धरला.

"अहो, नैवेद्याच्या आधी उष्टं करताय?"

"नैवेद्याला पुरणपोळी आहे ना?"

"आज घरात केलेलं सगळं दाखवायचं. त्यातून चैत्रातला दवणा, पहिला मान देवाचा."

पटलं मला. वाटी देवापुढे गेली. देव काही बोलला नाही.

तेवढ्यात पाहुणे आले. दौलतराव, त्यांच्या मंडळी सिंधूताई आणि अमोल. मी काठोकाठ पेले भरले आणि मोठ्या भक्तिभावाने म्हणालो, "देवाला दाखवलेलं आहे. प्रसाद समजून घ्या."

संपलं! आता ते खाली ठेवायची कोणाची छाती होणार?

दौलतरावांनी घोट घेतला. मग दारातल्या गुढीकडे बघितलं, मग पेल्याकडे. सिंधूताई त्यांच्या कानाला लागल्या. त्या काय म्हणाल्या ते अमोलने मला फार उशिरा सांगितलं: "आपल्यात पाडव्याला कडुलिंबाचं पान खात्यात, यांच्यात पेलाभर पीत असतील. रीत हाय, पिऊन टाका." मग सिंधूताईंनीच आधी आपला पेला कपाळाला लावला, डोळे मिटले आणि गटागटा रिकामा केला. मला वाटलं, केवढी ही श्रद्धा.

रिकामा पेला दिसला की मला राहवत नाही. मी परत भरला.

"नाय, नाय, बास," दौलतराव म्हणाले.

पाहुण्याचं पहिलं 'नाही' आपल्याकडे कोण खरं मानतं? मी त्यांचाही भरला, अमोलचाही भरला. अमोल ऋताकडे बघत प्याला. तो पितोय म्हणून ऋताही दोन पेले प्याली, तीही हसत हसत. सगळ्यांची तृप्ती बघून मग मी माझा पेला उचलला.

पहिल्या घोटाला कानशिलं गरम झाली. दुसरा घोट झालाच नाही. या माणसांना मी प्रत्येकी दोन पेले पाजले होते! रडायचाच बाकी होतो. पोरीचं जमत आलेलं लग्न मी स्वतःच्या हाताने, आग्रह करकरून मोडलं होतं.

जेवून पाहुणे जरा लवकरच उठले. आमच्या हिने तोवर सरबत तोंडाला लावलेलं नव्हतं. तिने उरलेलं बाटलीत भरून सिंधूताईंच्या हातात दिलं. मी मागून डोळ्यांनी खुणा करत होतो. तिला वाटलं, आणखी एक दे म्हणतोय. तिने दुसरी बाटली भरली.

आठ दिवस दिंडोरीहून फोन नाही. ऋता माझ्याशी बोलेना. नवव्या दिवशी दौलतरावांचा फोन आला.

"मुलगी पसंत हाय आपल्याला. दोन पेले हसत प्याली. ती कुठंबी नांदेल."

माझे डोळे भरून आले. म्हटलं, "दौलतराव, त्या सरबताबद्दल मला माफ करा."

"माफी कशाची? परसाद हाय, पायदळी कसा टाकायचा? म्हणून पाण्यात मिसळून बागंत फवारला. दोन ओळींत नव्या फुटीवर एक किडा राहिला नाय. लग्नात मानपान काय नको आम्हाला. फक्त एवढं सांगा, एकरी किती जुड्या उकळायच्या?"