चव नोंदवही

त्या वर्षी होळीच्या आधी माझे हात मलाच बघवत नव्हते. मनगटापासून कोपरापर्यंत आधी लाल चट्टे उठले, मग त्यांवर पाण्याने भरलेले फोड, आणि फोड फुटले की खाली चहाच्या गाळासारखा काळपट डाग. मानेवरही तसंच, चार बोटं उमटल्यासारखं. रात्री फोडातलं पाणी चादरीला लागायचं आणि सकाळी चादर कातडीला चिकटलेली असायची. शी! आठवलं तरी अंगावर काटा येतो.

आणि मी तर गावच्या शाळेत खिचडी शिजवणारी. सव्वाशे पोरं माझ्या हातचं खात होती.

दिवस कसा जायचा ते सांगते. उजाडताच आमच्या वावरात टोमॅटोचा तोडा. टोमॅटोच्या पाल्याने हाताला हिरवट काळा थर बसतो, तो साबणाने जात नाही. तोडा करणाऱ्या सगळ्या बाया लिंबू चोळतात, मीही चोळायची. पण मी इतरांपेक्षा जास्त चोळायची. नवरा क्रेट घेऊन नारायणगावच्या बाजाराला निघाला की बांधावर बसून दोन-दोन लिंबं हातावर पिळायची, मानेवरून हात फिरवायची आणि वर पाणी लावायची नाही, वास राहावा म्हणून. मग कालव्याच्या कडेने अर्धा तास उन्हात चालत शाळा. तिथे चूल पेटवायच्या आधी साबणाने हात धुवायची ते वेगळं.

एवढा सोस का, तर आम्ही बौद्ध. माझ्या आजीच्या ओंजळीत गावातल्या बाया वरून पाणी ओतायच्या. आता तसं कुणी करत नाही, बोलतही नाही. पण ताटात वाढताना आधी माझ्या नखांकडे जाणारी नजर मला कळते. त्या नजरेला काही सापडू नये म्हणून ते लिंबू.

आधी गावातल्या दवाखान्यात गेले. डॉक्टरने खुर्चीतून न उठता सांगितलं, "उन्हाची ॲलर्जी आहे. उन्हात जाऊ नका." वावरात काम करणाऱ्या बाईला हे सांगताना त्याला हसूही आलं नाही. वर एक पांढरी ट्यूब दिली. ती लावली की चार दिवस बरं वाटायचं, मग दुप्पट फोड. तो चिकट मलम, त्याचा तो गोडसर वास, त्यावर बसणारी धूळ. माझंच अंग मला नकोसं झालं होतं.

गावात तोवर ठरून गेलं होतं. पाणवठ्यावर एक म्हणाली, "महारोग हाय. माज्या मामीला असंच व्हतं." दुसऱ्या दिवशी पंधरा पोरं घरून डबा घेऊन आली.

नियम असा आहे की पोरांना वाढायच्या आधी मोठ्या सरांनी जेवणाची चव घ्यायची आणि चव नोंदवहीत सही करायची. एका दुपारी मी भांडी घासायला पाण्याच्या टाकीमागे गेले, तर सर तिथे उभे. मी दिलेली ताटली त्यांनी कुत्र्यापुढे उपडी केली, रुमालाने बोटं पुसली, रुमाल हुंगून पाहिला आणि आत जाऊन सही केली. चव घेतली कुत्र्याने आणि सही सरांची. भांडी घासत राहिले आणि तिथेच, राखेच्या ढिगाशी, ओकले.

त्याच आठवड्यात निरोप आला की सोमवारी शाळेच्या समितीची बैठक आहे, विषय मी. काम जाणार हे उघड होतं. काम गेलं असतं तर गेलं असतं, पण 'हिच्या हातचं खाऊ नये' हे कागदावर आलं असतं. तेवढं मला सहन झालं नसतं.

मग मंचर गाठलं. तिथे एक कातडीची डॉक्टरीण बसते असं ऐकलं होतं. तिने माझा हात हातात घेतला, हातमोजा न घालता, हे मी आधी पाहिलं. डोळे मिटायला लावले आणि कापसाचा बोळा फिरवत विचारत गेली, "इथे लागतंय? आता कुठे?" मी प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. "हा कुष्ठरोग नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, मग उन्हाची ॲलर्जी? तिने माझी हनुवटी वर केली. "तशी असती तर तोंड सोडलं नसतं. ऊन तर तोंडालाही लागतं. हातांना उन्हाच्या आधी काय लागतं?"

मी सांगितलं. टोमॅटो, फवारणीचं औषध, साबण. लिंबू सुचलंच नाही, लिंबू का कुणी अंगाला लागलं म्हणून सांगतं? तिने माझ्या मनगटापासून कोपराकडे गेलेल्या काळ्या रेघेवर पेन ठेवलं. "हा ओघळ कशाचा?"

ओघळच होता तो. हात वर धरून लिंबू पिळलं की रस असाच कोपराकडे धावतो. आणि मानेवरची चार बोटं माझीच होती.

ती म्हणाली, लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि वर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते. दिसतं एक-दोन दिवसांनी, म्हणून कुणाला कळत नाही. एकाचं दुसऱ्याला होत नाही. तेवढं तिने कागदावर लिहून दिलं. तरी माझा विश्वास बसेना. घरी आल्यावर दंडावर दोन ठिकाणी लिंबू लावलं, एक फडक्याने झाकलं, एक उघडं ठेवून उन्हात बसले. बैठकीच्या दिवशी उघड्या जागी फोड होता, झाकलेल्या जागी काही नाही.

बैठकीत मी कागद ठेवला आणि दंडही दाखवला. समितीतल्या बाईने तोंड फिरवलं. "झाका ते. कागद खरा आसंल, पन पोरान्ला किळस येती." सर खाली बघून म्हणाले, "खरं सांगायचं तर मलाही चव घ्यायला भीती वाटते. पण ताईंना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

मी कपाटातून चव नोंदवही आणली आणि त्यांच्यापुढे उघडली. रोजची सही होती. रोज 'चव चांगली'.

"सर, तुमी रोज खाल्लंय. तुमाला काय झालं का? का ह्या सह्या खोट्या हायेत?"

मी चुलीवरची खिचडी ताटलीत आणली. सरांनी एक घास उचलला, डोळे मिटले आणि औषध घ्यावं तसा गिळला. विषय तिथेच संपला. डबे हळूहळू बंद झाले.

हातावरचे डाग जायला दिवाळी उजाडली. आता तोड्यानंतर लिंबाला हात लावत नाही. साबणाने निघेल तेवढं निघतं, नखांच्या कडांना हिरवट काळं राहतं, राहू दे. त्याच हातांनी मी ताटली भरून सरांपुढे ठेवते. त्यांच्या तोंडाकडे बघून मला शिसारी येते, तरी समोरून हलत नाही. त्यांनी घास गिळलेला दिसला की मगच मी सहीसाठी पेन पुढे करते.