बहिणीची पर्स

आमच्या मावशीला गल्लीत सगळे पर्सबाई म्हणतात. तिला ते नाव मुळीच आवडत नाही. "मी काय पर्सा विकते? मी त्यांचं दुखणंखुपणं बघते," असं ती कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला दर वेळी सुनावते. आणि तोही पठ्ठ्या असा, की पुढचं गिऱ्हाईक आलं की तिसऱ्या मजल्याकडे बोट करून म्हणतो, "वर जा, पर्सबाईंकडे."

तिचं सगळं काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालतं. टेबल घेतलं होतं जेवायला, पण त्यावर कुणी जेवल्याचं मला आठवत नाही. काका होते तेव्हा तेही बिचारे ताट मांडीवर घेऊन जेवायचे, कारण टेबलावर कुणाची तरी पर्स वाळत असायची. खिडकीशी जुन्या बनियनची फडकी धुऊन टांगलेली, एका डब्यात मऊ केसांचे ब्रश, मधमाशांचं मेण, क्रीमच्या बाटल्या, मेण लावलेला दोरा आणि बोथट सुया. घरात शिरलं की चामड्याचा आणि मेणाचा वास. पाहुणे नाक मुरडायचे. मावशीला तो वास येतच नसे.

नवी पर्स तिने कधी विकत घेतली नाही, आणि नवीला ती हातही लावत नाही. तिच्याकडे येतात त्या तीस-चाळीस वर्षं वापरलेल्या, कपाटाच्या तळाशी बुरशी धरलेल्या, कडा सुटलेल्या, पितळी खटका काळा पडलेल्या. ती आधी पर्स रिकामी करून उलटी आपटते. मग कोरड्या ब्रशने शिवणीतली धूळ काढते. फडकं ओलं करून इतकं पिळते की त्यात पाणी आहे की नुसता ओलावा, हे सांगता येऊ नये. कुठलंही औषध आधी झाकणाच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी लावून बघते. आत कागदाचे बोळे भरून सावलीत वाळवते आणि मग क्रीम, थोडं थोडं, दिवसाआड. "चामड्याला पाजायचं असतं, बुडवायचं नसतं," हे तिचं ठरलेलं वाक्य. एकदा एक गृहस्थ बायकोची पर्स भांड्यांच्या साबणाने धुऊन, शेगडीवर धरून वाळवून घेऊन आले. मावशीने पर्स पाहिली, त्यांना पाहिलं आणि म्हणाली, "आंघोळ झाल्यावर तुम्ही असेच वाळता का?" गृहस्थ पुन्हा आले नाहीत. बायको मात्र आली.

काम घेण्याआधी ती प्रत्येकाला एक प्रश्न विचारते: "यातलं काय जाऊ द्यायचं नाही?"

लोक गोंधळतात. डाग जावेत म्हणूनच तर आणलेली असते पर्स. पण या प्रश्नामागे एक जुनी जखम आहे. उमेदवारीच्या काळात एका बाईंच्या पर्सेच्या पट्ट्यावर बारीक खळगे होते. मावशीने ते इतक्या सफाईने भरून काढले की बोट फिरवलं तरी कळू नये. बाईंनी पट्टा हातात घेतला आणि त्या तिथेच जमिनीवर बसल्या. ते त्यांच्या बाळाचे दात होते, आणि बाळ राहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मावशी विचारल्याशिवाय कुणाच्या पर्सेला ब्रश लावत नाही. कुणी सांगतं, आतला अत्तराचा वास ठेवा. कुणी सांगतं, कोपऱ्यावरचा चटका ठेवा, तो वडिलांच्या सिगारेटचा आहे. मावशी ठेवते, आणि बाकी सगळं झळकवून देते.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं.

आई मावशीची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा मावशी वेणी घालून घ्यायच्या वयाची होती, आणि ती वेणी आईनेच घातली. आई तिला बारकी म्हणायची, साठी उलटली तरी बारकीच. आई दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर नोकरीला होती. तिची एक तपकिरी, पेटीसारखी पर्स होती, वर पितळी खटक्याची. नोकरीभर तीच. निवृत्त झाल्यावर भाजीलाही तीच. मावशी कितीदा म्हणायची, "ताई, दे ना एकदा, काय दशा केलीस तिची! लोक काय म्हणतील, पर्सबाईच्या बहिणीची पर्स ही!" आई म्हणायची, "लोकांना काम नाही का दुसरं?"

मग आई विसरायला लागली. आधी शब्द, मग रस्ते, मग माणसं. मला कधी मुलगी समजायची, कधी दवाखान्यातली सहकारी. मावशी आली की उठून खुर्ची पुढे करायची आणि अदबीने विचारायची, "आपण कोण?" मावशी हसून म्हणायची, "मी बारकी." "अस्सं," आई म्हणायची, आणि तिला ते पटलेलं नाही हे दोघींना कळायचं. मावशी जिना उतरताना डोळे पुसायची हे मी गॅलरीतून पाहिलेलं आहे.

पण पर्स आईने सोडली नाही. दिवसभर ती मांडीवर. खटका उघडायचा, आत बघायचं, खटका लावायचा. अंगठा झाकणाच्या एका कोपऱ्यावर घासत राहायचा. तिथलं चामडं काळं पडून गुळगुळीत झालं होतं. डॉक्टर म्हणाले, असू दे, त्याने त्यांचं मन ठिकाणावर राहतं. ते खरंच होतं. ज्या कुणाला हा आजार ठाऊक आहे त्याला माहीत असेल, संध्याकाळ झाली की ही माणसं उठतात आणि "घरी जायचंय" म्हणून दार धरतात. आईही उठायची. पण पर्स मांडीवर दिली, की खटका उघडून आत बघायची आणि म्हणायची, "आहे की सगळं." आणि बसायची. पर्स होती म्हणून आई घरात होती, याहून सोपं मला सांगता येणार नाही.

एकदा तिने दुधाचा पेला पर्सेत ओतला. का, कोण जाणे. आम्ही पुसलं, पण दूध अस्तरात मुरलं होतं. दोन दिवसांत घरात बसवेना. आईला सांभाळणाऱ्या बाईंनी तोंडाला रुमाल बांधला. त्यातच पट्ट्याचं एक टोक निसटलं. मी मावशीला फोन केला. ती फडकी सोडून तशीच आली, आणि मी सांगते, तिचा चेहरा उजळला होता. इतकी वर्षं जिला हात लावू दिला नाही, ती पर्स आता तिच्या हाती येणार होती. आईला मी गाढ झोपू दिलं आणि पर्स मावशीला दिली. आईजवळ माझी एक पर्स ठेवली. ते दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. पण आज ना उद्या पर्स येणार, हा धीर होता.

मावशीने त्या पर्सेवर जीव ओतला. बाकी सगळी कामं बाजूला सारली. सडलेलं अस्तर उसवून टाकलं आणि तसंच तपकिरी, रेशमी अस्तर शोधून घातलं. पेन गळून आत पडलेला निळा डाग त्याबरोबरच गेला. पट्टा एकदा तुटला होता तेव्हा माझ्या वडिलांनी घरात सापडेल तो काळा दोरा घेऊन तो शिवला होता, वेडावाकडा, पोतं शिवावं तसा. मावशीने ते टाके कापले आणि तपकिरी दोऱ्याने एकसारखे घातले. झाकणाचा काळा कोपरा तिने हळूहळू उजळत नेला, रंग भरला, मेण दिलं. खटका घासून सोन्यासारखा केला. आत मुरलेला सर्दीच्या मलमाचा आणि पेपरमिंटचा वास सोड्याच्या पुडीने ओढून घेतला.

प्रश्न तिने विचारला नाही. कुणाला विचारणार? आईला सांगता आलं नसतं. मला विचारता आलं असतं, पण मला का विचारावं? "ताईचं मला ठाऊक नसेल तर कुणाला?" असं ती नंतर म्हणाली.

ती पर्स घेऊन आली तेव्हा मीदेखील "अगं बाई!" म्हणाले. इतकी देखणी दिसत होती. मावशीने ती दोन्ही हातांनी आईच्या मांडीवर ठेवली. आईने पाहिली. खटका उघडला, आत पाहिलं, लावला. अंगठा कोपऱ्यावर गेला, थांबला, दुसऱ्या कोपऱ्यावर गेला. मग तिने पर्स उचलून मावशीच्या हातात परत दिली आणि म्हणाली, "छान आहे हो तुमची."

पुढचे दिवस सगळे शोधाशोधीत गेले. आईने कपाटं उपसली, गाद्या उचलल्या, सांभाळणाऱ्या बाईंना चोर म्हणाली. त्या बाई मनाने चांगल्या, पण त्याही एक दिवस रडल्या. आणि मग एका दुपारी आई निघून गेली. दार लोटलेलं होतं, तेवढं पुरलं. बसच्या थांब्यावर सापडली, अनवाणी, प्रत्येक बाईच्या हातातल्या पर्सेत डोकावून बघत. लोक तिला झिडकारत होते. त्या दिवसापासून आम्ही दाराला आतून कुलूप लावायला लागलो. स्वतःच्या आईला कोंडून ठेवणं म्हणजे काय, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

मी मावशीवर भडकले. "दुधाचा वास काढ म्हटलं होतं, आईला काढ नव्हतं म्हटलं," असं बोलून गेले. नाकावर माशी बसू न देणारी बाई ती, पण खाली मान घालून पर्स उचलून घेऊन गेली.

मग तिने जे केलं ते तिच्या हातांना आयुष्यात कधी करावं लागलं नव्हतं. ती पर्स मळवायला बसली. चहाचं पाणी लावलं. तळव्यांना तेल चोळून पट्टा दिवसभर कुरवाळला. अस्तरावर शाई सांडली, मलम लावलं, पेपरमिंटच्या गोळ्या कुस्करल्या. वडिलांसारखा काळा दोरा घेऊन टाके घालू लागली, तर ते सरळच पडायला लागले. मी गेले तेव्हा ती डाव्या हाताने शिवत होती. "मेलं वाकडं येतच नाही गं," ती म्हणाली, आणि हसता हसता तिचा आवाज चिरकला. माझा राग तिथेच संपला. तिच्या बोटाला सुई टोचली होती, ते बोट मी धुऊन दिलं. सगळ्यात अवघड होता तो कोपरा. अंगठ्याने वर्षानुवर्षं घासून जे होतं ते करायला तिच्याकडे औषध नव्हतं. ती नुसता अंगठा घासत बसायची, कातडी सोलवटेपर्यंत.

पर्स पुन्हा आणली तेव्हा मला वाटलं, जमलं. आईने ती घेतली आणि चटकन मांडीवर ओढली. वास घेतला. तिचे डोळे हलले. मावशी समोरच्या खुर्चीच्या काठावर बसली होती. आईचा अंगठा कोपऱ्यावर गेला आणि घासू लागला, कितीतरी वेळ. मग तो थांबला. तिने पर्स शेजारी ठेवली, हळूच, कुणाचं मन दुखू नये अशी.

"तुम्ही खूप शोधलंत," ती मावशीला म्हणाली. "पण ही नाही हो."

"नाही?" मावशीने विचारलं.

"नाही. तुम्हाला कसं कळणार? माझी एक बहीण आहे, बारकी. पर्सांचंच काम करते ती, हात बघाल तिचे! तिने लगेच ओळखली असती माझी." आई पुढे झुकली आणि आवाज खाली केला. "तुम्ही तिकडे जाता का कधी? तिला एवढा निरोप द्या. म्हणावं, ताईची पर्स हरवलीय. ती काहीही करेल, पण आणून देईल. माझं सगळं तिला ठाऊक असतं."

मावशीने सोलवटलेला अंगठा मुठीत झाकून घेतला.

"सांगते," ती म्हणाली. "आजच सांगते."

"उपकार झाले," आई म्हणाली. कित्येक आठवड्यांनी तिचा चेहरा निवला होता. पाहुणीला निरोप द्यायला ती दारापर्यंत गेली, मी कुलूप काढीपर्यंत शेजारी उभी राहिली आणि मावशी जिना उतरायला लागल्यावर मागून म्हणाली, "सावकाश जा हं, पायऱ्या उंच आहेत."